संगणक तापून बंद पडतो? तो मेला असे समजू नका

घरात संगणक असणे ही आता चैनीची गोष्ट राहिलेली नाही. मुलांचा अभ्यास, शिष्यवृत्तीचा अर्ज, अकरावीचा प्रवेश, स्पर्धा परीक्षेचे प्रवेशपत्र, सगळे त्या एका पेटीवर येऊन ठेपले आहे. आणि आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबांनी ही पेटी नवी घेतलेली नसते. एखाद्या कचेरीने काढून टाकलेला, मग साफसूफ करून पुन्हा विकायला आलेला संगणक आपण घेतो. त्यासाठी कुणी भिशीचे पैसे लावलेले असतात, कुणी दिवाळीचा बोनस. असा संगणक ऐन मे महिन्याच्या दुपारी अर्ज भरता भरता एकाएकी काळा पडला, तर घरच्यांच्या काळजात धस्स होणारच.

दुकानात नेला की पुष्कळदा एका वाक्यात निकाल मिळतो : "प्रोसेसर गेला, बोर्डही बदलावा लागेल." कधी ते खरे असते. पण तापून बंद पडणाऱ्या संगणकाच्या बाबतीत बहुतेक वेळा ते खरे नसते. तापून बंद पडणारा प्रोसेसर बहुधा जिवंत असतो. बिघडलेली असते ती त्याची उष्णता बाहेर जाण्याची वाट. ही वाट कशी तपासावी आणि पैसे मोजण्याआधी काय पाहावे, हे आम्ही येथे क्रमाने सांगणार आहोत. हे काम घरातल्या कोणालाही करता येण्यासारखे आहे. विशेषतः आपल्या मुलींना ते जरूर करू द्यावे.

पेटीच्या आत काय असते

आपल्याकडे सगळ्या पेटीलाच 'सीपीयू' म्हणण्याची सवय आहे. वास्तविक पेटी म्हणजे कॅबिनेट. खरा सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, हा आत मदरबोर्डवर बसवलेला, मोठ्या बिस्किटाहूनही लहान असा चौकोनी तुकडा असतो. सगळी आकडेमोड तो करतो आणि त्यात खर्च होणारी जवळजवळ सगळी वीज अखेर उष्णता होऊन बाहेर पडते. जुन्या बाजारात आजही पुष्कळ दिसणारा २०१४ सालचा इंटेलचा कोअर आय-५ ४५९० हा ८४ वॅटचा आहे. त्यानंतर २०१५ साली आलेला आय-५ ६५०० हा ६५ वॅटचा. जुन्या पिवळ्या बल्बला हात लावून पाहिलेल्यांना ६० वॅटची धग काय असते ते ठाऊक आहे. ती सगळी धग येथे एवढ्याशा जागेतून निघते.

ती काढून नेण्यासाठी प्रोसेसरच्या डोक्यावर ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांचा ठोकळा असतो. त्याला हीटसिंक म्हणतात. प्रोसेसर आणि ठोकळा यांच्यामध्ये थर्मल पेस्टचा पातळ लेप असतो. ठोकळ्यावर पंखा असतो. कॅबिनेटला हवा आत येण्याची आणि बाहेर जाण्याची जाळी असते. प्रोसेसर, लेप, ठोकळा, पंखा, जाळी आणि शेवटी खोलीतली हवा, अशी ही साखळी आहे. यातली एक कडी निसटली की बाकीच्या सगळ्या चांगल्या असूनही उपयोग होत नाही.

तो स्वतःहून बंद का होतो

२००१ साली 'टॉम्स हार्डवेअर' या संगणकविषयक प्रकाशनाने एक चित्रफीत दाखवली होती. चालू संगणकातल्या प्रोसेसरवरचा हीटसिंक त्यांनी चक्क उचलून काढला. त्या वेळचा एएमडी कंपनीचा ॲथलॉन प्रोसेसर पाहता पाहता धूर सोडून जळाला. इंटेलचा पेंटियम-४ मात्र वेग कमी करून रखडत चालत राहिला, कारण तापमान वाढले की आपले आपण मंद होण्याची सोय त्यात केलेली होती.

आज दोन्ही कंपन्यांच्या प्रोसेसरमध्ये ही सोय असते. इंटेलच्या पुष्कळ प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० अंश सेल्सिअसच्या आसपास आहे, एएमडीच्या पुष्कळांची ९० ते ९५ अंश. मर्यादा जवळ आली की प्रोसेसर आधी वेग उतरवतो. तेव्हा संगणक रेंगाळू लागतो आणि आपण समजतो, तो म्हातारा झाला. तरीही उष्णता वाढतच राहिली, तर तो वीज तोडून घेतो. म्हणजे बंद पडणे हा मृत्यू नव्हे, तो जीव वाचवण्याचा उपाय आहे. मात्र रोज रोज त्याला या टोकाला नेऊ नये, कारण त्या उष्णतेत आजूबाजूचे भागही लवकर खराब होतात.

मे महिन्यातच का

हीटसिंक प्रोसेसरला आजूबाजूच्या हवेपेक्षा थंड कधीच करू शकत नाही. तो फक्त हवा आणि प्रोसेसर यांतले अंतर कमी ठेवतो. समजा, स्वच्छ संगणक भरपूर कामात असताना हवेपेक्षा ३५ अंशांनी वर राहतो. जानेवारीत खोली २५ अंशांवर असेल तर प्रोसेसर ६० अंशांवर राहील. मे महिन्यात नागपूर, अकोला, चंद्रपूरकडे पत्र्याखालची खोली ४२ अंशांवर गेली, तर तोच प्रोसेसर ७७ वर जाईल. तरीही चिंता नाही.

आता त्याच संगणकात दोन वर्षांची धूळ बसली आणि ३५ चे अंतर ५५ झाले असे धरू. जानेवारीत होतील ८० अंश. कोणाच्या लक्षातही येणार नाही. मे महिन्यात मात्र होतील ९७ अंश, आणि संगणक बंद पडेल. दोष हिवाळ्यापासून होताच, उन्हाळ्याने तो उघडा पाडला. आणि मे-जून म्हणजे नेमके प्रवेशअर्जांचे दिवस. म्हणून साफसफाई मार्चमध्ये उरकून घ्यावी, असे आमचे सांगणे आहे.

आधी मोजा, मग बोला

संगणक एकाएकी बंद पडण्याची कारणे अनेक आहेत. वीज कमी-जास्त होणे, वीज पुरवणारा एसएमपीएस कमजोर होणे, रॅम नीट न बसणे, यांनीही तो बंद पडतो. म्हणून कारण उष्णताच आहे का, हे आधी ठरवावे.

उष्णतेची खूण साधारण अशी. संगणक सुरू केल्यावर काही वेळ चांगला चालतो. चित्रफीत लावली किंवा जड काम काढले की रेंगाळतो आणि बंद होतो. लगेच चालू केला तर आणखी लवकर बंद होतो. अर्धा तास विसावा दिला की पुन्हा काही वेळ चालतो. पुष्कळ संगणक पुढच्या वेळी सुरू होताना पडद्यावर 'सीपीयू ओव्हर टेम्परेचर' किंवा 'सीपीयू फॅन एरर' असा इशाराही देतात. तो घाईने पुढे ढकलू नये, वाचावा.

तापमान पाहण्यासाठी दोन मार्ग आहेत. संगणक सुरू होताना डिलीट, एफ-२ किंवा एफ-१० दाबून बायोसमध्ये जावे. तेथे 'हार्डवेअर मॉनिटर' किंवा 'पीसी हेल्थ' या नावाखाली प्रोसेसरचे तापमान आणि पंख्याच्या फेऱ्या पुष्कळ बोर्डांवर दिसतात. दुसरा मार्ग म्हणजे कोअर टेम्प किंवा एचडब्ल्यूइन्फो हे घरगुती वापरासाठी फुकट मिळणारे प्रोग्राम. ते त्यांच्या मूळ ठिकाणाहूनच घ्यावेत. एक वही करावी. खोली किती गरम होती, संगणक स्वस्थ असताना किती अंश होते, दहा मिनिटे काम दिल्यावर किती झाले, असे तीन आकडे लिहावेत. कामात ८० अंशांपर्यंत असेल तर काळजीचे कारण नाही. ९० च्या पुढे जात असेल तर काम थांबवून शोध घ्यावा. आणि ५५-६० अंशांवर असतानाच संगणक बंद पडत असेल, तर प्रोसेसर तापल्यामुळे तो बंद पडतो असे म्हणता येणार नाही. एसएमपीएस आणि रॅम तपासावेत.

तापमान कसे चढते ते पाहा

तापमान किती चढले याबरोबरच ते कसे चढले हेही पाहावे. काम सुरू करताच पाच-दहा सेकंदांत आकडा ५० वरून ९५ वर उडी मारत असेल, तर उष्णता प्रोसेसरमधून ठोकळ्यात पोचतच नाही. म्हणजे लेप वाळला आहे किंवा ठोकळा नीट टेकलेला नाही. उलट, आकडा पंधरा-वीस मिनिटांत सावकाश चढत असेल, तर उष्णता ठोकळ्यापर्यंत येते आहे, पण हवेत जात नाही. म्हणजे धूळ, पंखा किंवा कोंडलेली जागा. एवढ्या एका निरीक्षणाने अर्धे काम वाचते.

आणखी एक सोपी परीक्षा आहे. कॅबिनेटची बाजूची पत्र्याची झडप काढून तेच काम पुन्हा करावे. तापमान ठळकपणे उतरले, तर हवा कोंडते आहे. काहीच फरक पडला नाही, तर दोष ठोकळा, पंखा किंवा लेप यांत आहे.

बाहेरून आत चला

ज्याला पैसा लागत नाही ते आधी करावे. संगणकाच्या टेबलाला कॅबिनेटसाठी बंद कप्पा असतो. त्यातून ते बाहेर काढावे. मागची बाजू भिंतीपासून वीतभर दूर ठेवावी. धूळ बसू नये म्हणून हौसेने शिवलेले कापडी आच्छादन चालू संगणकावर राहू देऊ नये. जमिनीवर ठेवला असेल तर पाटावर किंवा स्टुलावर ठेवावा, कारण केर काढताना उडणारी धूळ तो आत ओढतो. एकाच खोलीत चूल-शेगडी असेल, तर फोडणीचा तेलकट धूर आणि धूळ मिळून पात्यांवर चिकट थर बसतो. कूलरची ओली हवा थेट संगणकावर सोडू नये.

त्यानंतर पेटी उघडावी. बटण बंद करून वायर भिंतीतून काढावी, मग संगणकाचे बटण पाच-दहा सेकंद दाबून धरावे म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते. आतल्या भागांना हात लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरते. एसएमपीएसचा डबा मात्र कधीही उघडू नये; वायर काढल्यावरही त्यात धोकादायक वीज साठलेली असू शकते.

धूळ काढायला रंगाचा नवा, मऊ, कोरडा ब्रश आणि ब्लोअर पुरतो. पेटी गॅलरीत किंवा अंगणात न्यावी, तोंडाला रुमाल बांधावा. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत. हवेने तो भरमसाट फिरू दिला तर त्याचे बेअरिंग खराब होते. पंख्याच्या खाली, ठोकळ्याच्या पात्यांमध्ये वाकून पाहावे. वरून स्वच्छ दिसणाऱ्या पंख्याखाली कित्येकदा धुळीची गादीच बसलेली असते. ओला कपडा वापरू नये.

मग पंखा पाहावा. बोटाने हलकेच फिरवला तर तो मोकळा फिरला पाहिजे. अडखळत असेल, खरखरत असेल, तर बदलावा. त्याची वायर बोर्डवर 'सीपीयू फॅन' असे लिहिलेल्या जागीच लावलेली असावी. पंखा चांगला असूनही फेऱ्या कमी दिसत असतील, तर बायोसमध्ये पंखा 'सायलेंट' ठेवला आहे का ते पाहावे. कचेऱ्यांतून आलेल्या काही संगणकांत पंख्यापासून हवा वळवून नेणारे प्लॅस्टिकचे झाकण असते. दुरुस्तीत ते काढून परत बसवलेले नसेल, तर पंखा फिरूनही हवा ठोकळ्यावरून नीट जात नाही.

चार खिळे आणि थोडा लेप

इंटेलच्या पुष्कळ संगणकांत ठोकळा चार प्लॅस्टिकच्या खिळ्यांनी बोर्डला धरलेला असतो. आमच्या परिचयातल्या एका घरी याच खिळ्यांनी मोठा घोर लावला होता. धूळ काढून आणल्यापासून संगणक दोन मिनिटांत बंद पडू लागला. दुकानदाराने प्रोसेसर आणि बोर्ड दोन्ही बदलण्याचा खर्च सांगितला. तो घरच्या शिवणकामाच्या दोन महिन्यांच्या मिळकतीएवढा होता. मुलगी नर्सिंगच्या प्रवेशाची तयारी करत होती. आई म्हणाली, "पैसे द्यायच्या आधी एकदा उघडून तरी बघू या." बायोसमध्ये काही काम नसतानाही तापमान ९० च्या पुढे चढताना मुलीने पाहिले. मग वायर काढून चारही खिळे हलवून पाहिले. एक खिळा नुसता टेकलेला होता, आत गेलेलाच नव्हता. ठोकळा एका कोपऱ्यात उचललेला राहिला होता. लेप नवा लावून खिळा नीट बसवला. प्रोसेसर तोच, बोर्ड तोच. तो संगणक आजही चालू आहे.

हे काम करताना खिळ्याच्या डोक्यावर कोरलेल्या बाणाच्या दिशेने फिरवून तो सोडवावा. परत बसवण्याआधी चारही डोकी उलट फिरवून मूळ जागी आणावीत. मग समोरासमोरच्या कोपऱ्यांची जोडी एका वेळी दाबावी, 'टक्' असा आवाज येईपर्यंत. बोर्डच्या मागून पाहिले, तर चारही पाय सारखे बाहेर आलेले दिसले पाहिजेत. एएमडीच्या संगणकांत बहुधा खिट्टी किंवा स्क्रू असतात. त्यातल्या जुन्या प्रकारात वाळलेल्या लेपामुळे प्रोसेसर ठोकळ्याला चिकटून वर येतो आणि त्याच्या बारीक पिना वाकतात. म्हणून आधी संगणक थोडा चालवून गरम करावा, मग बंद करून, वायर काढून ठोकळा हलकेच डावी-उजवीकडे फिरवत सोडवावा. ओढू नये.

ठोकळा एकदा उचलला की जुना लेप पुन्हा चालत नाही. औषधाच्या दुकानात मिळणारे आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारा कपडा घेऊन दोन्ही पृष्ठभाग चकचकीत पुसावेत. नवा लेप मधोमध वाटाण्याहून थोडा लहान एवढाच ठेवावा. ठोकळा दाबला की तो आपोआप पसरतो. लेपाचे काम फक्त दोन धातूंमधल्या बारीक फटी भरणे हे आहे. जाड थर दिला तर तोच अडथळा होतो. टूथपेस्टसारखे घरगुती उपाय मुळीच करू नयेत, ते लवकरच वाळून जातात. लेपाची लहान नळी काही शे रुपयांच्या आत मिळते आणि अनेक वेळा पुरते.

काम नसताना गरम होत असेल तर

पडद्यावर काहीच उघडलेले नाही, तरी पंखा घोंघावतो आहे, असे असेल तर टास्क मॅनेजर उघडून पाहावे. प्रोसेसर ९०-१०० टक्के गुंतलेला दिसला, तर कोणता प्रोग्राम ते करतो आहे ते शोधावे. कधी विंडोजचे अपडेट किंवा विषाणू-तपासणी चालू असते. ती संपली की शांत होते. पण अनोळखी प्रोग्राम सतत वर दिसत असेल, तर सावध व्हावे. चोरीच्या सॉफ्टवेअरबरोबर कित्येकदा असे प्रोग्राम येतात, जे आपला संगणक आणि आपली वीज वापरून दुसऱ्याच कोणासाठी आभासी चलन मिळवत बसतात. येथे पंखा बदलून काही होणार नाही. तो प्रोग्राम काढला पाहिजे.

अर्जाची मुदत आज रात्रीच संपत असेल तर

तेव्हा पेटी खोलत बसू नये. बाजूची झडप काढावी, टेबलपंखा जरा अंतरावरून आत वारा जाईल असा ठेवावा, लहान मुलांना आणि पाण्याला दूर ठेवावे. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये 'मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट' १०० टक्क्यांवरून ७०-८० वर आणावे. संगणक थोडा मंद होईल, पण कमी तापेल. बाकी सगळे बंद करून फक्त अर्ज उघडावा आणि प्रत्येक टप्प्यावर तो सेव्ह करावा. हा तात्पुरता आधार आहे. दुसऱ्या दिवशी खरे कारण शोधलेच पाहिजे.

दुकानात जावेच लागले तर

सगळे दोष घरी सुटत नाहीत, आणि चांगले, प्रामाणिक कारागीरही आहेत. पण रिकाम्या हाताने जाऊ नये, आपली वही बरोबर न्यावी. "संगणक बंद पडतो" असे म्हणण्याऐवजी "बायोसमध्ये दोन मिनिटांत ९२ अंश होतात, पंखा फिरतो, धूळ काढली आहे, लेप बदललेला नाही," असे सांगावे. प्रोसेसर गेला म्हणाले, तर विचारावे : तापमान किती आले? दुसऱ्या ठोकळ्याने तपासले का? दुसऱ्या बोर्डवर लावून पाहिला का? जो प्रोसेसर सुरू होतो, पडदा दाखवतो आणि तापल्यावरच बंद पडतो, तो गेला असे म्हणायला भक्कम कारण हवे. बदललेले जुने भाग परत मागून घ्यावेत. हा अविश्वास नव्हे, हा आपल्या कष्टाच्या पैशाचा हिशोब आहे.

शेवटी एकच सांगावेसे वाटते. आपल्या घरांत महागडी वस्तू आली की तिला हात लावायची भीती बसते. मुलांनाही आपण "हात लावू नको, बिघडेल" असेच सांगत आलो. त्या भीतीची किंमत आपण दर वेळी पैशात मोजतो. वायर काढून, क्रमाने, एका वेळी एकच गोष्ट बदलून आणि आकडा लिहून ठेवून केलेले काम सहसा बिघडवत नाही. 'ही गोष्ट असे का करते?' हा प्रश्न एकदा संगणकाला विचारायला मुलगी शिकली की पुढे ती तो पुष्कळ ठिकाणी विचारील. येत्या रविवारी घरातला पेचकस तिच्या हाती द्यावा आणि आपण शेजारी वही घेऊन बसावे.